डब्यातली जवारी

“आता नीट ऐक,” मजीद म्हणाला आणि जेवणाच्या डब्यावर पाय दिला.

शुक्रवारची, सुट्टीची सकाळ होती. दुकानाचं शटर खाली होतं आणि मागच्या खोलीत, दुरुस्तीला आलेल्या टीव्हींच्या गर्दीत, मी खुबूसची रोटी आणि अंडं खात बसलो होतो. समोर फरशीवर ॲल्युमिनियमचे तीन डबे होते. साइटवरची माणसं डाळभात नेतात तसलेच. फक्त यांच्या झाकणांवर एकेक बटण बसवलेलं होतं, बाजूने वायरी निघाल्या होत्या आणि झाकणाला पाडलेल्या भोकांतून आतला जुन्या रेडिओचा काचेचा व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखा दिसत होता. एका डब्याला लाल ठिपका, एकाला हिरवा, एक कोरा. मजीदच्या मांडीवर विजेवर चालणारी गिटार आडवी पडली होती. ती वाजवता त्याला येत नव्हती. अंगठ्याने एकच तार छेडायची आणि एकेका डब्यावर पाय द्यायचा, एवढंच तो तासभर करत होता.

“हा लाल. हा हिरवा. आणि ह्यो कोरा. काय फरक हाय सांग.”

“मला तिन्ही सारखेच वाटत्यात,” मी म्हणालो.

मी त्याच्या ताटात थुंकल्यासारखं त्याने माझ्याकडे बघितलं. “तुझं कान हायत का भिंतीतली कोनाडं?”

“खाऊ दे की जरा मजीद. शुक्रवार हाय.”

पण खाऊ देईल तर तो मजीद कसला. तो उठला, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, परत बसला, हिरव्या डब्याचं झाकण उघडलं, आत काहीतरी सोल्डर केलं, फुंकर मारली, झाकण लावलं. बसला की त्याचा डावा गुडघा हलायला लागायचा. पाय हलवणाऱ्याच्या घरात पैसा टिकत नाही, असं माझी आई म्हणायची. मजीदच्या घरात काय टिकत होतं कुणास ठाऊक, पण आमच्या खोलीत झोप टिकत नव्हती एवढं खरं.

मी शहाजी, तासगावकडचा, दुकानाचा ड्रायव्हर. अल सद्दच्या फ्लॅटांत आणि अल गराफाच्या बंगल्यांत नवे टीव्ही पोचवायचे, बिघडलेले उचलून आणायचे, हे माझं काम. मजीद मिरजेचा, दुकानाचा मेकॅनिक. त्र्याऐंशी साली आम्हाला दोघांना दोह्यात येऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकाच खोलीत राहून एकमेकांचं घोरणंसुद्धा पाठ झालं होतं.

ही डब्यांची पीडा आणली मधूने. मधू गिरगावचा, एका हॉटेलच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. लांब केस, घट्ट पँट, आणि बोलणं मात्र एकदम घरचं. एकदा तो एक छोटं जपानी पेडल घेऊन दुकानात आला. गिटारची वायर त्यातून नेली आणि पायाने बटण दाबलं की आवाज फाटतो, असं ते यंत्र.

“बिघडलंय?” मजीदने विचारलं.

“बिघडलेलं नाहीये मजीदभाई. असंच आहे ते. पण बघा ना, माशी बाटलीत कोंडल्यासारखं वाजतं. मला आवाज फाटायला हवाय, पण असा नाही. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये कसा, गोड फाटतो. हॉटेलवाले तेवढा मोठा ॲम्प्लिफायर लावूच देत नाहीत. तुम्ही व्हॉल्व्हच पायाखालच्या डब्यात बसवून द्याल का?”

मजीद माझ्याकडे बघून हसला. “जलम गेला लोकांच्या रेडिओतली खरखर काढण्यात. आणि ह्यो म्हणतोय, घाल.”

तो नाहीच म्हणणार होता. पण मधूने खिशातून एक कॅसेट काढली आणि कोणा परदेशी वादकाची गिटार ऐकवली. मला ती गाडीचा पट्टा सैल झाल्यासारखी वाटली. मजीदच्या हातातला पाना मात्र हातातच राहिला. त्याने कॅसेट मागे नेली, परत ऐकली, परत मागे नेली.

“ही तर जवारी हाय,” तो म्हणाला.

जवारी म्हणजे काय, हे मला त्यानंतर इतक्या वेळा ऐकावं लागलं की झोपेतून उठवलं तरी सांगेन. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, ती घोडी सपाट नसते. कानशीने तिला अगदी बारीक उतार देतात, म्हणजे तार वाजताना घोडीला पुसटशी घासत राहते. तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती जागा पक्की करतात. मग तार नुसती टणत्कारत नाही, ती झणकारते, आवाजाला लांब शेपूट फुटतं. उतार जास्त झाला की नुसती भणभण, कमी झाला की आवाज मुका. मधली जागा केसाएवढी. मजीदचे अब्बा मिरजेत तंबोरे करायचे, आणि ती केसाएवढी जागा त्यांच्याइतकी कोणाला सापडत नाही, असं गवई लोक म्हणायचे.

मजीद थोरला. कानस त्याच्याच हातात यायची होती. पण तो अठराचा असताना, बाहेरगावचं गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना, अब्बांनी त्याने काढलेली जवारी ऐकली, त्याच्या हातातून कानस घेतली आणि धाकट्याच्या हातात दिली. “याला कान नाही,” एवढंच बोलले. मजीद सांगलीला जाऊन रेडिओ शिकला, तिथून मुंबई, तिथून दोहा. दर महिन्याला पैसे पाठवायचा, दर दोन वर्षांनी सुट्टीत सगळ्यांना कापड न्यायचा, अब्बांच्या पाया पडायचा. पण ते वाक्य त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलेलं होतं. अब्बांच्या तोंडून एकदा “हां, हीच” एवढं ऐकायचं, ही एकच इच्छा. आणि ते आता त्याला गिटारच्या डब्यातून ऐकायचं होतं. वेडेपणाला काही सीमा असते म्हणतात, ती मिरजेच्या अलीकडेच कुठेतरी असावी.

व्हॉल्व्हना दुकानात तोटा नव्हता. लोक जुने रेडिओ आणून टाकायचे आणि नवे घेऊन जायचे. त्या मेलेल्या रेडिओंच्या पोटातून मजीद व्हॉल्व्ह काढायचा. त्याने मला एकदा समजावलं होतं, “व्हॉल्व्हला पेलंल त्याच्यापेक्षा जास्त आवाज आत ढकलायचा. मग त्याचं डोकं चेपतंय. ट्रान्झिस्टरचं डोकं कापल्यागत सपाट हुतंय, म्हणून तो माशीगत वाजतोय. व्हॉल्व्ह दबत दबत बसतोय. किती दबू द्यायचा, ती जवारी.” लाल डब्यात एका व्हॉल्व्हचा आवाज दुसऱ्यात ढकललेला होता, तो गरजायचा. कोरा जरा सभ्य होता. हिरव्यात त्याने व्हॉल्व्हच्या पायाशी एक बारीकसा रेझिस्टर बदलून बदलून अर्धा डबा रेझिस्टरांनी भरला होता.

मधूला लाल आवडायचा. “मजीदभाई, हाच. खलास. बांधून द्या.”

“ह्यो आरडाओरडा हाय. थांब जरा.”

“अहो, लोकांना नाचायचंय, त्यांना कुठे जवारी कळते?”

“मला कळतीय का बघायचं हाय,” मजीद म्हणायचा, आणि गुडघा हलायला लागायचा.

त्या काळी गल्फमधली आमच्यासारखी माणसं पत्रं कमी लिहायची, कॅसेटी जास्त भरायची. कॅसेटमध्ये बोलायचं, सुट्टीवर निघालेल्याच्या हातात द्यायची, घरचे ऐकून त्यांची भरून पाठवायचे. प्रत्येक घरात गल्फहून आलेला एक टेपरेकॉर्डर असायचाच. मजीदने एका कॅसेटवर तिन्ही डबे ओळीने भरले. तीच तार, तोच अंगठा, मध्ये त्याचा आवाज, “अब्बा, ये पैला. ये दुसरा.” आणि मिरजेला निघालेल्या एकाबरोबर पाठवून दिली.

उत्तर आलं तेव्हा मधूही खोलीत होता. कॅसेट लावली आणि आम्ही दोघे पोट धरून हसलो. अब्बांचा आवाज चिमणीसारखा चिवचिवत होता. मजीद हसला नाही. चिवचिवत का होईना, अब्बा त्यांच्या घरच्या दखनीत एकच वाक्य बोलले होते, “पैले तार मिला. उतरेली है. बाद में जवारी की बात कर.”

तार उतरलेली आहे. म्हणजे जवारी राहिली बाजूला, पोराला साधी तार सुरात लावता आली नाही.

“माझी गिटार बेसूर?” मधू लालबुंद झाला. “मजीदभाई, मी स्वतः लावून दिली होती.”

पुढचे कित्येक दिवस मजीद मेलेल्या माणसासारखा काम करायचा. एका बाईच्या टीव्हीत त्याने आवाजाची वायर उलटी लावली, तिने मला अल सद्दला दोनदा हेलपाटा घालायला लावला. खोलीवर आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा, आणि चादरीखाली गुडघा हलत असायचा. मी म्हणालो, “सोड की आता. म्हातारी माणसं, काय बी बोलत्यात.” त्यावर त्याने मला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही.

एका दुपारी मी गाडीत बिघडलेला टीव्ही घालत होतो तर तो दुकानातून पळतच बाहेर आला. उन्हात, अनवाणी.

“शाजी, अब्बांचा आवाज बारीक का आला?”

“कॅसेट खराब असंल.”

“सेल उतरल्यात. घरातल्या टेपचं सेल उतरल्यात. टेप सावकाश फिरतोय. माझी कॅसेट त्येंनी सावकाश ऐकली, म्हणून तार खाली गेली. आन् त्येंचा आवाज सावकाश भरला, तो आपल्या टेपवर पळाला.” तो एकदम थांबला. “तार उतरली नव्हती. अब्बांनी बरोबर ऐकलं, आन् मी बी बरोबर लावली हुती.”

त्याचे तळवे भाजत होते आणि तो रस्त्यात उभा राहून हसत होता. मजीदला मी इतकं हसताना पूर्वी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

पुढच्या महिन्यात मला सुट्टी मिळाली. बायकोसाठी साड्या, पोरांसाठी बूट आणि मजीदकडून एक पुडकं. त्यात नवी भरलेली कॅसेट आणि सेलची अख्खी पेटी.

“जुनं सेल तू सोता काढायचं. नवं घालायचं. मगच कॅसेट लावायची. अब्बा ऐकत्याल तवा तिथंच बसायचं. त्येंचं तोंड बघायचं आणि मला येऊन सांगायचं.”

“आणखी काय? बाजा वाजवत जाऊ?”

“जा की,” तो म्हणाला.

मिरजेतलं ते दुकान म्हणजे एक लांबट खोली. आढ्याला वाळत टांगलेले भोपळे, खाली लाकडाचा भुसा, आणि भिंतीला टेकून उभे तंबोरे. अब्बा पोत्यावर बसले होते. वाळून काटकुळे झाले होते, पण बोटं जाड, मजीदसारखीच. धाकटा गिऱ्हाइकाकडे कोल्हापूरला गेला होता. त्याची बायको हजरा चहा घेऊन आली. मी सांगितल्याप्रमाणे सेल बदलले. कॅसेट लावली.

अब्बांनी डोळे मिटले नाहीत. ते टेपकडेही बघत नव्हते, समोरच्या भिंतीकडे बघत होते. कॅसेट संपली.

“फिर से,” ते म्हणाले.

पुन्हा लावली. पुन्हा संपली. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला, मी परत मागे नेली. मी त्यांचं तोंड बघत होतो, पण त्या तोंडावर वाचण्यासारखं काही उमटत नव्हतं.

“आत काय असतंय?” त्यांनी शेवटी मला मराठीत विचारलं.

“काचेचा दिवा असतोय अब्बा. त्यो तापला की आवाज येतो.”

“घोडी न्हाई?”

“न्हाई.”

“सूत?”

“सूत बी न्हाई.”

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, “जेवण कोण करतंय त्येचं?”

“आमचं आम्हीच करतो. पाळीपाळीनं.”

“बरं.” त्यांनी टेपवर हात ठेवला. “जाताना या. उत्तर दिऊन ठेवतो.”

निघताना हजरा दारापर्यंत आली. मी तिला म्हटलं, वहिनी, आवडलं का नाही काही कळलं नाही. ती म्हणाली, “अब्बांचं कुणालाच कळत न्हाई. दुकानातलं सगळं तंबोरं त्येंच्या एकाच सुरात लावल्यालं असत्यात. गवयानं सांगितलं तरच त्याच्या सुरात लावून देत्यात. आम्ही कोण लागून गेलो.”

सुट्टी संपता संपता मी परत मिरजेला गेलो तेव्हा दुकान बंद होतं. घरासमोर चपला होत्या. मला कळलं. आदल्या आठवड्यात अब्बा गेले होते, झोपेतच. मी धाकट्याला विचारलं, मजीदला कळवलं का. तो म्हणाला, “तार करून काय करू? त्येचा तिथला मालक, कफील, पासपोर्ट देईपतूर चाळिसावा दिस हुईल. एकटाच रडत बसंल तिथं. तुमी चाललाय न्हवं. तुमी जवळ बसून सांगा.” हजराने पदराआडून कॅसेट काढून माझ्या हातात दिली. “जायच्या आधी दोन दिवस भरली हाय त्येंनी,” ती म्हणाली. मग ती आत गेली.

विमानात ती कॅसेट माझ्या खिशात होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा विमान उशिरा पोचावं म्हणून प्रार्थना केली. ते वेळेवर पोचलं.

मजीद विमानतळाच्या दारातच उभा होता. बॅग माझ्या हातातून घ्यायच्या आधी त्याने विचारलं, “काय म्हणालं?”

मी ठरवलेलं सगळं विसरलो. “मजीद, अब्बा गेलं,” एवढंच म्हणालो.

त्याने बॅग घेतली. गाडीपर्यंत चालत आला, बॅग मागे ठेवली, दार लावलं. मग दाराला पाठ लावून खाली बसला, डांबरावरच. मी शेजारी बसलो. माणसं वळून बघत होती, बघू देत. तो खूप रडला, आणि त्याच्याबरोबर मीही रडलो. त्या म्हाताऱ्याशी माझं नातं एका चहाचं, पण रडू आलं खरं.

अब्बांची कॅसेट मी त्याला दिली, पण त्याने ती लावली नाही. उशीखाली ठेवली. डबे एका खोक्यात भरून टीव्हींच्या मागे सारले. आता त्याचा गुडघा आणखी हलायचा, दिवसभर, जेवतानासुद्धा. नमाजाला उभा राहिला तरच काय तो शांत दिसायचा. मधू दोनदा येऊन गेला. बँडचा करार संपला होता, तो बहरीनला निघाला होता आणि त्याला डबा हवा होता. पण मजीदचं तोंड बघून त्याने मागितला नाही.

“न ऐकून काय हुणार हाय?” एका गुरुवारी मी शेवटी विचारलं.

“आन् त्येंनी परत तेच म्हटलं असलं तर? आता पुन्हा पाठवायची कुणाला, शाजी?”

मी उठून दिवा मालवला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच उशीखालून कॅसेट काढली आणि म्हणाला, “मधूला बोलव. गिटार घिऊन ये म्हणावं.”

मागच्या खोलीत आम्ही तिघे बसलो. शटर खाली. मजीदने डबे मांडले, तापू दिले, मग कॅसेट लावली.

आधी खोकला. मग अब्बांचा आवाज, या वेळी चिमणीचा नाही, त्यांचा स्वतःचा, जाड, घोगरा. “चालू है क्या?”

“है, अब्बा,” हजराचा आवाज.

आणि मग तंबोरा. दुसरं काही नाही. ना शाबासकी, ना चूक. एकामागून एक तारा, सावकाश, परत परत. मजीदचा गुडघा हलत होता. आता बोलतील, मग बोलतील म्हणून तो टेपवर वाकला होता. तंबोरा चालूच राहिला.

मधू मात्र एकदम सरळ बसला. त्याने गिटारची तीच तार, मजीद नेहमी अंगठ्याने छेडायचा ती, हळूच छेडली. खुंटी केसभर फिरवली. परत छेडली.

“मजीदभाई,” तो म्हणाला, “हा तंबोरा आपल्या तारेत लावलाय.”

“काय?”

“गिटारच्या या तारेत. तुमच्या कॅसेटवरचा सूर घेऊन लावलाय त्यांनी. ऐका की.”

मला हजराचं गवयांच्या सुराबद्दलचं बोलणं आठवलं, ते मी मजीदला सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरज नव्हती. त्या दुकानात तो वाढला होता. अब्बा कोणाच्या सुरात तंबोरा लावतात हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

त्याने लाल डब्यावर पाय दिला. मधूने तार छेडली. टेपमधला तंबोरा एका बाजूला राहिला, गिटार दुसऱ्या बाजूला, हे मलासुद्धा कळलं. कोऱ्यावर दिला. जवळ आले, पण दोन वेगळेच. मग त्याने हिरव्यावर पाय दिला.

मधू छेडत राहिला. तंबोरा वाजत राहिला. आवाजाला आवाज लागला आणि खोलीतल्या टीव्हींच्या काचा बारीक झणझणायला लागल्या.

“शाजी,” मजीद माझ्याकडे न बघता म्हणाला, “ह्यातला तंबोरा कुठला आणि डबा कुठला?”

मी खरंच नीट ऐकलं. जीव लावून ऐकलं.

“मला न्हाई कळत,” मी म्हणालो.

“मला बी न्हाई,” तो म्हणाला.

कॅसेटची एक बाजू संपली आणि टेप खटकन बंद पडला. मधूने शेवटचं एकदा तार छेडून हात उचलला. डब्यातून तिचं शेपूट लांबत गेलं, बारीक होत गेलं. मजीदचा पाय बटणावर तसाच होता, आणि गुडघा हलत नव्हता.